पार्किंगच्या कोपऱ्यातला ढीग

रवि. ८ फेब्रु.
दार उघडलंच नाही. बाहेरून बर्फ चढून बसलाय. जावई ऑफिसच्या कामाला दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला गेला तो तिथेच अडकला. शेवटी सुजाताने गॅरेजमधून जाऊन फावड्याने वाट केली. माझी लेक, नागपूरच्या थंडीत दोन स्वेटर घालणारी.
सातासमुद्रापार, लेकीकडे पिस्कॅटवेत येऊन चार महिने झाले. गाडी चालवता येत नाही, फुटपाथ गाडला गेलाय, बॅगेतून आणलेली अकरा पुस्तकं संपली. आयुष्यभर सभा गाजवल्या. इथे श्रोता एकच, वय वर्षं आठ. नात मैत्रेयी. ऐकते मराठीत, उत्तर देते इंग्रजीत.

सोम. ९
शाळा बंद. सुजाता बेसमेंटमध्ये कॉलवर. "आई, घेऊन जा ना तिला बाहेर. फक्त नजर ठेव."
वाटेच्या बाजूला पाऊल टाकलं की मैत्रू कमरेपर्यंत आत. शेजारची रिया सहा वर्षांची, ती तर छातीपर्यंत. ओढून काढली तर बूट आतच राहिला.
बर्फ लोटायच्या यंत्राने, इथे त्याला प्लाऊ म्हणतात, पार्किंगमधला सगळा बर्फ कोपऱ्यात लोटलाय. ढीग माझ्याहून उंच. तो बघून रिया म्हणाली, "आय अ‍ॅम स्कॅर्ड." झालं! पायरीवर उभी राहून पाच मिनिटं बोलले. कुणी 'घाबर' म्हटलं तर आधी कारण विचारायचं. पटलं नाही तर ऐकायचं नाही. दोघींनी हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. किती दिवसांनी!

मंगळ. १०
दोघींनी ढिगात बोगदा खणला. सरपटत आत जायचं, उलटं सरपटत बाहेर यायचं. मी फोटो काढून नागपूरला मैत्रिणींना पाठवले.
रियाची आई मानसी, पुण्याची, दारातून ओरडली, "काकू, ढिगात नको हं. वरून ढासळलं तर? आणि प्लाऊवाला परत येतो, त्याला आत कोण आहे काही दिसत नाही."
मी म्हटलं, "मानसी, मुलींना आपण पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आलो. पडशील, लागेल, घरात बस." मग पुढे बरंच काही. रंगले.
"बाई गं! काकू, तुमच्यापुढे कोण बोलणार? बघा तुम्ही. तुमच्या भरवशावर ठेवते." हसत आत गेली. तिचाही कॉल होता.

बुध. ११
अक्षर वाईट येतंय.
दुपारी ऊन पडलं होतं. बोगद्याचं छत ओलं दिसलं, म्हणून म्हटलं आज थांबा. तर मैत्रू म्हणते, "आजी, आर यू स्कॅर्ड?" मी? कोपरांवर सरकत आत गेले. कमरेपर्यंत गेले असेन आणि वरचं खाली आलं. फार नाही, पण ओल्या वाळूसारखं जड. हात छातीखाली अडकले. तोंडापुढे ओंजळभर मोकळी जागा.
"मैत्रू!" म्हणून ओरडले. माइक बंद पडला तरी मैदानातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा हा आवाज. सगळा जीव लावून ओरडले. ओठांपुढेच विझला. मुली माझ्या पायांपाशी उभ्या होत्या, तोंडापासून जेमतेम चार हातांवर. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पाय झाडले तर हसत होत्या म्हणे, आजी गंमत करतेय. मग रिया हसायची थांबली. दोघींनी पाय धरून ओढलं. गुडघा पिरगळला, पण सुटले.
माझे पाय निदान बाहेर होते. रिया पुरी आत मावते.
फावडं घेतलं आणि बोगदा सपाट केला. मैत्रू किंचाळली, "यू सेड आस्क फॉर द रीझन! यू डिडन्ट गिव्ह एनी रीझन!"
"मी आतून ओरडले. ऐकू आलं तुला?"
"...नो."
कारण तिला कळलं. इथे थांबायला हवं होतं. पण मी दोघींना म्हटलं, "घरी सांगू नका."

गुरु. १२
शाळा सुरू. गुडघा सुजलाय. सकाळी सुजाताने विचारलंच, "आई, लंगडतेस का?"
"घसरले."
मैत्रू पोह्यातले शेंगदाणे वेचत बसली. वर बघितलं नाही. मी दिवसभर सोफ्यावर. खिडकीत बर्फ, दारात बर्फ. कुठे जाणार होते?

शुक्र. १३
आता दारासमोर मोकळ्यावर खेळायचं. कमरेएवढ्या भिंती बांधा, छप्पर नाही. ढिगाकडे पाऊल नाही. प्लाऊ आला की पायरीवर, माझा हात धरून. हातमोजे ओले झाले की आत. आणि मी खिडकीतून बघत नाही, बाहेर उभी राहते.
मैत्रू सगळं ऐकते. लगेच ऐकते. एकदाही 'का' विचारलं नाही तिने. हे बघवत नाही.

शनि. १४
उद्यापासून पुन्हा बर्फ. सोमवारी शाळेला सुट्टी, पण सुजाताला ऑफिसला जावंच लागणार, मानसीलाही. मानसी चहाला आलीय, खाली ठरतंय की रियाही दिवसभर माझ्याकडे. "काकू आहेत ना, मग काय टेन्शन यार!" हे वरपर्यंत ऐकू आलं.
सांगितलं तर पोरी माझ्याकडे ठेवणार नाहीत. सुजाता चिडेल, मग काही बोलणार नाही, माझं परतीचं तिकीट अलीकडे घेईल. मानसीच्या नजरेला नजर देता येणार नाही. नाही सांगितलं तर? रियाने आज मला हळूच विचारलं, "मागच्या बिल्डिंगकडे पण ढीग आहे?" सोमवारी मी असेन. पुढच्या शनिवारी रिया आपल्या घरी असेल, मी नसेन. तिच्या आईला माहीतच नसेल की आतून हाक येत नाही. ती बाहेर उभी राहून कान देत बसेल.
पाऊण तास वही घेऊन बसलेय. पहिलं वाक्य सुचत नाही.
"आई, चहा गार होतोय गं! मानसी निघतेय आता."
दारात मैत्रू उभी आहे. कधीपासून, कोण जाणे.
"आजी, मी सांगू का?"
मराठीत विचारलं.