सुपातले खडे अन् मधातली खिडकी

९ नोव्हेंबर, रविवार
पहिली केशरबाईच आली. टीनानं अजून चप्पल काढली नव्हती, तर शेजारीण ओसरीत मांडी घालून हाजर. मंग बाकी गल्ली. टीना, माही नात, नागपूरले रिसर्च करते. लिहाले बी बरं वाटते. शुगरवाल्याचे डोळे काहून जातात, ते शोधून राहिली.
मले समजावून सांगतलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात बारीक बारीक पेशी. शेजारच्या दोघीत इवलीशी वाट, तिच्यातून एकमेकीले निरोप जातो. मी म्हटली, म्हणजे आपली खिडकी. आपल्या अन् केशरबाईच्या रांधणीत भिंत एकच, तिच्या मधात हातभर खिडकी. विरजण जाते, भाजी येते, भानगडी दोन्हीकडून. टीना हासली, म्हणे बरोब्बर. पण पेशीले बाहेरच्या बाजूनं बी अशा खिडक्या असतात, त्या बंद पायजे. शुगर वाढली की त्या उघड्याच राहतात. आतलं बाहेर सांडते, आजूबाजूच्या पेशी घाबरतात, सूज येते, रक्ताच्या नळ्या पाझरतात, नजर जाते. हे खिडकी लावाचं औषध ते लोक शोधून राहिले. अजून झालं नाही.
मले एका झटक्यात समजलं. टीना म्हणे, आजी, तू कॉलेजात शिकवाले चाल. चौथी पास आहो, पण डोकं आहे.
मले बी शुगर आहे, म्हणून तिनं विचारलं, तुह्ये डोळे कसे आहेत. फस्क्लास, मी म्हटली.

१० नोव्हेंबर
आजपासून गोड बंद. एकदम बंद. चहा बी फिका.
दुपारी केशरबाईनं खिडकीतून दोन अनारसे दिले. दिवाळीचे उरलेले. नाही म्हटलं तर तिले वाईट वाटते. खिडकीतून हात तिचा आला, माहा नाही गेला. उद्यापासून बंद.

१२ नोव्हेंबर
आजकाल लिहाच्या कॉपीच्या रेघा फिक्या छापतात. अक्षर खाली घसरते त्यात माहा काय दोष.
सुईचं नाकं बी बारीक करून ठेवलं कंपनीवाल्यानं.
धान कापणं सुरू आहे म्हणून चिलटं लय. डोळ्यापुढं काळे काळे फिरतात. टाळी मारली, हातात एक नाही सापडलं. चपळ जात.
शालूले, म्हणजे सुनेले, म्हटलं बल्ब बदलव. ते म्हणे बल्ब तोच आहे, आत्या. मी म्हटली, म्हणूनच बदलव.
अनारसा एक. तुटका होता.

१४ नोव्हेंबर
टीनाचा फोन. रविवारी तिच्या मॅडम येतात, डोळ्याच्या मोठ्या डॉक्टर. गावात शिबिर घ्याचं तर जागा पाहाले. बारा वाजता जेवाले आपल्याकडं.
तांदूळ मीच निवडीन. नवीन धानाचा भात, या गल्लीत माह्यासारखं सूप कोणाच्या हातात फिरत नाही. शालू म्हणे, राहू द्या, मी निवडते. मी म्हटली, तू भाजीचं पाय. तिचं एक आहे, मी निवडलं की सूप घेऊन मागच्या अंगणात जाते अन् बसते घडीभर. फोन पाहत असन. मी काही म्हणत नाही. सासू असावी तर अशी.

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री
मॅडम दहालेच आल्या. घाई झाली. माह्या सुपातले तांदूळ सरळ चुलीवरच्या गंजात.
जेवताना मॅडमचं तोंड थांबलं. खडा. त्याईनं हळूच ताटाच्या कोरीले ठेवला. मंग टीनाले लागला. मंग परत मॅडमले. 
मीच बोलली. म्हटलं, आमच्या सूनबाईचं ध्यान फोनमधी, तांदूळ असे निवडते. शालूनं मान खाली घातली. म्हणे हो, माह्याकडूनच राहिले. अन् वरण वाढलं.
तेवढ्यात खिडकीतून केशरबाईचा आवाज. काकी, तिले कायले बोलता, पावसाळ्यापासून तुमचे तांदूळ ते मागं बसून दुसऱ्यांदा निवडते. आज वेळ नाही भेटला. शालू म्हणे, केशरमावशी, चूप राहा ना. पण सगळ्याईनं आयकलं. मले ताटातून तोंड वर नाही करता आलं.
मॅडमनं जेवण झाल्यावर एक एक डोळा झाकाले लावला. डावा झाकला तर टीनाच्या तोंडाच्या जागी धूर. कान दिसले, केस दिसले. टिकली कोणत्या रंगाची, त्याईनं विचारलं. मी लाल म्हटली. टीनानं टिकली लावलीच नव्हती.
मंग मी चिलटाईचं बी सांगतलं. टीना म्हणे, आजी, ते चिलटं नव्हते, डोळ्यातलं रक्त होतं. मी रोज काचेखाली हेच पायते, अन् घरातलं नाही दिसलं. पोट्टी रडली. तिच्या मॅडमपुढं.
मॅडम म्हणे, गेलेलं सगळं वापस येईल असं नाही. पण राहिलेलं वाचवता येते. उशीर नका करू.

१७ नोव्हेंबर
माहा पोरगा म्हणे खिडकी बुजवून टाकू. मी नाही म्हटली. बोलणं येऊ-जाऊ द्या, फक्त लाकडाचं दार लावा. केशरबाईले सांगतलं, अनारसे बंद. ते म्हणे संपले बी.
शालूपाशी दोनदा गेली. दोनदा पाणी पिऊन वापस आली.
संध्याकाळी तिनं कॅलेंडरवर गोल केला. मॅडम अन् टीना डोळे तपासाचा मोठा कॅमेरा घेऊन येणार, तो दिवस. दिसते का आत्या, म्हणे. दिसते, हे तोंडात आलंच होतं. मी म्हटली, नाही दिसत, माय.
तिनं माहं बोट धरून गोलावर ठेवलं. रविवार, तेवीस.