भुईखालची रेघ आणि माझा मसाला

तळवली, मंगळवार

ती. जाईबाईस धाकट्या बायजाचा नमस्कार. (पायांवर डोकं ठेवलं असतं, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खाली वाकले की वर काढायला दोन माणसं लागतात.) तुझी शुगर काय म्हणते? नातवाच्या हळदीच्या गडबडीत गोळ्या विसरू नकोस. शिवतेजच्या हळदीला मी येणारच येणार होते, पण मध्येच भानगड झाली. फोनवर सांगायची सोय नाही, आमचा अरविंद कान लावून असतो.

अगं, अरविंदची लेक दीक्षा मास्तरीण झाली! आणि विद्यार्थी कोण, तर बारा देशांचे साहेब. पुष्कळ देशांनी म्हणे लिहून दिलंय, अणुबॉम्ब फोडून बघायचा नाही. पण माणसाची जात (आपला मामा गळ्यात माळ घालून मटण चापायचा, आठवतं?), कुणी भुईखाली चोरून फोडला तर? भुई हलते, मशीनवर रेघ उमटते. ती रेघ वाचणारी माणसं ज्याच्या त्याच्या देशात हवीत, दुसऱ्याच्या तोंडाकडं किती दिवस बघायचं? ती माणसं आमची पोरगी तयार करते, मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून. सरावाचं मशीनही तिथंच भुईवर ठेवलंय. मी अख्ख्या आळीला पेढे वाटले.

तर काल तिनं त्यांना घरच्या मशीनवरची शनिवार दुपारची रेघ दाखवली. ओळखा, भूकंप, खाणीतला सुरुंग का बॉम्ब? एक साहेब म्हणाला, सुरुंग. दुसरा म्हणाला, सुरुंग एकदाच उडतो, हे तर धाडधाड चाललंय, मध्येच दम खातंय. मग कुठल्याशा बेटावरची एक बाई हसत सुटली. म्हणाली, या बायका नाचतायत. दोघी. एक चांगली भरलेली आहे.

नेमका तेव्हाच अरविंद चहा घेऊन आत गेलेला. (डॉक्टरनं मला वर्षभर नाचाची बंदी घातलीय, तसं मी कागदावर लिहूनही दिलंय.) “आये, शनिवारी काय चाललं होतं?” म्हटलं, मसाला कुटत होते. “मुसळ तर मावशीकडंय!” म्हटलं, तिनं कधीच परत दिलं. आता म्हणतो, खोटं निघालं तर हळदीला नेणार नाही. बाई माणसानं मसालाही कुटू नये का गं?

तुझी, काहीच न केलेली,
बायजा

ता. क. फुगडीच होती. शेजारच्या राजश्रीबरोबर, तीनदा. भरलेली ती राजश्री.

ता. क. मुसळ अजून तुझ्याच माळ्यावर आहे. अरविंदनं विचारलं तर परत दिलं म्हण.

ता. क. दीक्षा सांगते, रेघेवरून संशय आला की जागेवर माणूस पाठवून तपासतात. ही अक्कल तिनं बापालाही शिकवली. तो रविवारी तुझ्याकडं येतोय. मुसळ लपव. पण हळूच सरकव गं बाई, आपटू नकोस.