पगारवाढ नाकारल्याची हकिगत

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच मान्य करून घ्यावा).

तुमची तब्येत कशी आहे? मामींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, की त्या अजून एकाच डोळ्याने तुमच्यावर लक्ष ठेवून आहेत? इकडे सगळे ठीक. चार महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. पण या चार महिन्यांत मी एकेचाळीस माणसांना पगारवाढ नाकारायला लावली आणि वर त्याबद्दल मालकाला भेटवस्तू दिली, त्यामुळे लिहायला तोंड नव्हतं. तुमची उभी हयात आयकर खात्यात गेली, म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतो.

सुरुवात अंदाजपत्रकापासून झाली. अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळवणाऱ्याला कर नाही, त्याच्या वर दहा टक्के, आणि नवी यंत्रं घेणाऱ्या कारखानदारांना वेगळी घसघशीत सूट. का, तर लोकांच्या हातात पैसा खेळेल, लोक खरेदी करतील, कारखाने वाढतील, नोकऱ्या निघतील. टीव्हीवर एक तज्ज्ञ फळ्यावर बाण काढत होते आणि त्यांचा एकही बाण खाली जात नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या किराणावाल्याने साबण महाग केला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आता तुमच्या हातात पैसा येणार ना." (आला नव्हता. पण धोरणाचा अभ्यास त्याने आमच्याआधी केला होता.)

आमचा कुलपांचा कारखाना तुम्ही पाहिला आहे. एकोणीस वर्षं मी किल्ली विभागात आहे, त्यातली सात फोरमन म्हणून. रविवारीसुद्धा माझ्या बोटांना पितळेचा वास येतो असं घरात म्हणतात. वार्षिक वाढीचा महिना आला आणि मालकांनी आम्हा बेचाळीस जणांना पॅकिंगच्या टेबलांपाशी बोलावलं. शेजारी मुनीम, हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. त्यावर त्याने माझाच पगार मांडला. "फोरमनसाहेबांचं उदाहरण घेऊ," म्हणाला. (मला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. इथेच मी निम्मा गारद झालो.) आजचा पगार चार लाख पंच्याण्णव हजार, वाढ वीस हजार, एकूण पाच लाख पंधरा. म्हणजे रेघ ओलांडली. त्यावर दहा टक्के, साडेएक्कावन्न हजार. मिळणार वीस, जाणार साडेएक्कावन्न. मालकांनी चष्मा काढून पुसला आणि जड आवाजात म्हणाले, "घरच्या माणसांना मी या खड्ड्यात कसा ढकलू?"

मी उठलो. मला कुणी उठवलं नव्हतं, हे प्रांजळपणे लिहितो. सगळ्यांच्या वतीने मी वाढ नाकारली, मालकांच्या दूरदृष्टीवर बोललो, देशाच्या अर्थव्यवस्थेवरही थोडं बोललो. टाळ्या पडल्या. मग वर्गणी काढून आम्ही मालकांना भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. वर्गणी माणशी दोनशे होती, म्हणजे वाढ न मिळाल्याबद्दल आम्ही पदरचे दोनशे घातले. महिन्याभरात वाचलेली वाढ आणि सरकारची सूट यांच्या जोरावर परदेशी यंत्र आलं. ते अकरा सेकंदांत किल्ली कापतं. माझ्या विभागातले दोन सर्वात जुने कारागीर, एक 'बॅरिस्टर' (वाद घालतो म्हणून) आणि एक त्याचा मेहुणा, फाटकावर बसवले गेले. एक फाटक उघडतो, दुसरा लावतो. नोकरी एकच नवी निघाली, ती यंत्र दुरुस्त करायला आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाची.

आता पॅकिंगच्या ताईंबद्दल. बाई बोलायला कमी. मूठभर किल्ल्या हातात घेऊन, न मोजता, किती आहेत ते सांगतात. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"दादा, माझा पगार वर्षाला दोन लाख दहा हजार. वाढ धरून दोन बावीस. मला कर किती बसला असता?"

मी अर्थव्यवस्थेपासून सुरुवात केली. त्यांनी माझं बोलणं संपू दिलं आणि पुन्हा विचारलं, "किती?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग मी वाढ कशाला सोडली?"

मामा, मी मनातल्या मनात एकेकाचा पगार आठवत गेलो. बेचाळीस जणांत त्या रेघेच्या आसपास मी एकटा होतो. बाकीचे एकेचाळीस जण त्यांना कधी न लागणाऱ्या कराला भिऊन वाढ सोडून बसले होते, आणि ती भीती माझ्या तोंडून गेली होती. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. माझ्याच डब्याच्या झाकणावर पाणी सांडलं होतं, त्यात बोटाने रेघ ओढून म्हणाल्या, "तुमचंसुद्धा गणित चुकलंय. कर रेघेच्या वरच्या तुकड्यावर. वर पंधरा हजार, त्याचे दहा टक्के दीड हजार. वरच्या मजल्यावर गेलात म्हणून खालच्या मजल्याचं भाडं कोणी मागत नाही." कुठून कळलं म्हणून विचारलं. त्या अर्धा दिवस रजा टाकून तुमच्या खात्याच्या खिडकीवर गेल्या होत्या. तिथल्या कारकुनाने दोन मिनिटांत समजावलं आणि वर आभार मानले, कारण त्याला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. (तुमच्या खात्याबद्दल चांगलं ऐकायची माझी ही पहिलीच वेळ.)

दुसऱ्या दिवशी पॅकिंग बंद. कुलपं तयार होत राहिली आणि टेबलांवर उघडीच साचत गेली. मालक खाली आले. ताईंनी सगळा हिशेब शांतपणे सांगितला. मालक म्हणाले, हा मुनीमाचा गैरसमज. मुनीम म्हणाला, मी मालकांचा शब्द लिहिला. (मुनीमाने स्वतःची वाढ महिनाभर आधीच उचलली होती, हे तेव्हा बाहेर पडलं.) मग मालकांनी हुकमी पान टाकलं: "वाढ मी कुठे नाकारली? तुमच्या फोरमनने नाकारली."

सगळे माझ्याकडे वळले. बॅरिस्टर तर फाटक सोडून आला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण खाली सिमेंट होतं. मी म्हणालो, "नाकारली मी. अक्कल गहाण टाकली होती. आता मागतोही मीच."

तीन दिवस खोकी रिकामी राहिली. चौथ्या दिवशी वाढ मंजूर झाली, मागच्या महिन्यांच्या फरकासकट. फाटकावरचे दोघे मात्र आत आले नाहीत. यंत्राचे पैसे भरून झाले होते आणि अकरा सेकंदांपुढे कुणाचं काही चालेना. सरकारी आकड्यांत आमचा कारखाना 'विस्तारलेला' म्हणून नोंदला गेला असेल. आमचं म्हणणं मांडायला आता पॅकिंगच्या ताई असतात. मी त्यांना मत दिलं. ज्याला हिशेब कळतो त्याने तो चारचौघांना सांगावा, लपवून स्वतःच्या माणसांना फसवू नये, एवढं मी यातून शिकलो.

मामींना नमस्कार. त्यांच्या डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

तुमचा भाचा

ता. क. घड्याळ परत मागावं का, यावर दोन दिवस चर्चा झाली. ते रोज सात मिनिटं मागे पडतं असं कळल्यावर विषय मिटला.

ता. क. दुसरा. थोडं काम होतं. कर जाऊन माझ्या हातात महिन्याला पंधराशे चाळीस जास्त येतात. हिला मी पाचशे सांगितले आहेत. बाकीचे सरकारने नेले असं म्हणालो. वरचे हजार एका जुन्या क्लॅरिनेटच्या हप्त्यात जातात (ती माझ्या कारखान्यातल्या कपाटात आहे, लहानपणापासूनची हौस, तुम्हाला ठाऊकच आहे). हिला न्हाणीघराचं दार बदलायचं आहे आणि ती रोज नव्याने विचारते की सरकार इतकं कसं नेतं. तुम्ही खात्यातले निवृत्त अधिकारी, तुमच्या सहीला आमच्या घरात वजन आहे. तर चार ओळी लिहून पाठवा, की माणूस वरच्या टप्प्यात गेला की वाढ बहुतेक करातच जाते. खात्याचा जुना कागद शिल्लक असेल तर त्यावर लिहिलंत तर फारच बरं.

ता. क. तिसरा. पत्र शनिवारच्या आत पोचेल असं बघा. रविवारी हिने पॅकिंगच्या ताईंना चहाला बोलावलं आहे.