पिंपाचं शेपूट

माझ्या फ्रीजदुरुस्तीवाल्या शहाण्या भावास,

ताईचा अर्धा आशीर्वाद. उरलेला अर्धा, तुझा तो जुना फ्रीज आणि आकड्यांची डबी माझ्या घरातून उचलून नेशील तेव्हा देईन. तू बरा असशीलच, दुसऱ्याच्या घरात घोळ घालून जाणाऱ्यांना साधी सर्दीही होत नाही. भावजयीची पाठ कशी आहे ते कळव, तिचा काही दोष नाही. अक्षर समजून घे, चौथीतच शाळा सुटली माझी. फोन केला असता, पण फोनच्या शेजारी दिवसभर तुझे दाजी बसलेले असतात, आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्याचबद्दल आहे.

दोन महिन्यांपूर्वी तू आलास, बोळात फ्रीज ठेवलास (आता न्हाणीघरात आडवं होऊन जावं लागतं, आणि मी उभी काय, आडवी काय, सारखीच) आणि म्हणालास, दाजींना घरी बियर करायला शिकवतो, मन रमेल. कारखाना बंद झाल्यापासून आठ महिने हा माणूस खिडकीपाशी बसून होता, लेथ चालवलेले हात मांडीवर ठेवून, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे असावेत. म्हटलं, करू दे. यांनी सातूचं पाणी उकळलं, प्लास्टिकच्या पिंपात ओतलं, यीस्ट टाकलं, पिंप फ्रीजमध्ये ठेवलं. फ्रीजची पिन डबीत आणि डबीतून एक लांब वायर, टोकाला बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण. तू त्याला प्रोब म्हणतोस, आमच्याकडे शेपूट म्हणतात. शेपटाला गरम लागलं की डबी फ्रीज चालू करते, गार लागलं की बंद. हे मलासुद्धा कळलं, म्हणजे विद्या काही फार मोठी नाही.

पण ते शेपूट ठेवायचं कुठे, हे तू चपला घालता घालता सांगितलंस. मधोमध हवेत लटकवा म्हणालास आणि गेलास. झालं. फ्रीजमधली हवा मिनिटात गार होते, की डबी टक करून बंद. पुन्हा मिनिटात टक करून चालू. डबीवर एकोणीस अंश लावलेले, हे वही घेऊन समोर, एकोणीस, एकोणीस, एकोणीस लिहितायत, आकडा कसा बरोबर आहे म्हणून मला बोलावून दाखवतायत. मी पिंपाला हात लावला तर ते ताप आलेल्या पोरासारखं गरम. यीस्ट काम करतं तेव्हा स्वतःच तापतं, हे आमच्या बेकरीत झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे. बावीस वर्षं पीठ मळतेय मी. तापमान बघायचं तर काटा पिठात खुपसतो आम्ही, भिंतीला विचारत नाही. हे यांना सांगितलं. यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "तुला पावातलं कळतं. तो फ्रीजमधला माणूस आहे." फ्रीजमधला माणूस म्हणजे तू. ती बियर खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमननी चाखली आणि भल्या माणसाने एवढंच विचारलं, की यात रंगाचा ब्रश बुडवला तर साफ होईल का.

दुसऱ्या खेपेला पोस्टमनना फ्रीज उघडून दाखवताना शेपूट दाराबाहेर आलं आणि यांनी दार लावलं. शेपूट बोळात लोंबकळतंय, बोळात एकतीस, डबीला वाटतंय पिंपच एकतीस, फ्रीज थांबायचं नाव घेईना. आकडा उतरेना तसे हे टेबलफॅन आणून फ्रीजला वारा घालत बसले. तुला फोन केला. तू, एवढा मोठा कारागीर, जागेवरून न उठता सांगितलंस, गॅस गेला असेल. दुसऱ्या दिवशी आडवी होऊन न्हाणीघरात जाताना ते शेपूट माझ्या केसांत अडकलं तेव्हा कळलं काय गेलं होतं ते. दार उघडलं तर पिंपाचं झाकण टोपीसारखं वर उचललेलं आणि खाली बर्फ. तो फोडून ओततानाची यांची पाठ मी पाहिली आहे. तू पाहिली नाहीस.

आता तिसरी खेप पिंपात आहे आणि रविवारी कारखान्यातले सात जण चाखायला येणार आहेत, यांनीच बोलावलंय. हीपण बिघडली तर हा माणूस पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसेल आणि या वेळी उठायचा नाही. तेव्हा शनिवारी टेम्पो घेऊन ये आणि तुझं सामान घेऊन जा. एकदाचा बोळ मोकळा होऊ दे.

तुझी (सध्या नावापुरतीच)
ताई

ता. क. टेम्पो आणू नकोस. हे आंघोळीला गेले की मी ते शेपूट पिंपाच्या पोटाला, आत बियर आहे तेवढ्या उंचीवर, चिकटपट्टीने लावते आणि वरून भांडी घासायच्या स्पंजची कोरडी घडी बसवते, म्हणजे गार हवा थेट लागत नाही. पहिले चार दिवस यांच्या लक्षात आलं नाही, तेवढ्यात डबीची टकटक थांबली, पिंपाचा ताप उतरला. काल वाटीभर काढून चाखली. चांगली झाली आहे. चांगली म्हणजे मी दुसरी वाटी काढली. पण आता हे आंघोळीहून येतात, शेपूट सोडवतात आणि तू सांगितलंय म्हणून पुन्हा हवेत टांगतात. तेव्हा तू यांना फोन कर आणि सांग, की पिंपाला चिकटवून वर स्पंज लावायचा, हे तुला तुझ्या धंद्यात कळलं. माझं नाव काढलंस तर उरलेला आशीर्वाद विसर. गुरुवारपर्यंत फोन झाला पाहिजे. पत्र बेकरीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतेय, तुझ्या दुकानावरूनच जातो तो.

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता बोळात जाऊन आले. पुन्हा टांगलंय, आणि स्पंजने हे चष्मा पुसतायत. गुरुवार नको. बुधवारी दुपारच्या आत फोन कर, आणि केलास की नाही ते त्याच गाडीवाल्याबरोबर मला लिहून कळव.