शेवटची चार मिनिटं

८ जून

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुझ्या शेजारणीचं मिळालं. शनिवारी पाचला दोघींनी आपापल्या घरी एकच माहितीपट बघायचा आणि रविवारी एकमेकींना लिहायचं, हा आपला अकरा वर्षांचा नेम. त्यात ही निवृत्त नर्स कुठून उपटली? कामगारांवर अन्याय झाला असं ती म्हणते, संगीत जास्त झालं असं ती म्हणते. तीन पानांत सात वेळा ती म्हणते. अक्षरही तिचंच. बोट दुखतंय म्हणून सलग पाच पत्रं? एवढं टिकाऊ दुखणं मी ऐकलेलं नाही.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी पट्टीच्या धाकाने शिकवलं होतं, आधी पाहिलं ते लिहा, वाटलं ते मागून. तुझ्या पत्रात पाहिलेलं काहीच नाही, सगळं ऐकलेलं. बुटांच्या कारखान्यावरचा तो माहितीपट बघितल्यापासून मी पायातली चप्पल उलटी करून टाके न्याहाळते आहे. आणि शेवटच्या चार मिनिटांबद्दल तू अवाक्षर काढत नाहीस. त्यात कुणी बोलत नाही, म्हणून तुम्ही दोघींनी बोलून घेतलंत वाटतं. नकाशा कचेरीत चाळीस वर्षं रेघा ओढलेल्या बाईला कोरी जागा लगेच दिसते.

तिच्याशीच जमत असेल तर तसं सांग. मी माझा शनिवार दुसरीकडे लावीन.

लोभ आहेच, वाढवायचा की आहे तेवढाच ठेवायचा, ते तुझ्या उत्तरावर.
ताई


१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोट ठणठणीत आहे. डोळे गेले. एकदम नाही, मधोमध एक डाग आला, तो पसरत गेला. कडेचं अजून दिसतं. दाराची चौकट दिसते, दारातलं माणूस नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही.

तुला कळवलं असतं तर माझी दया येऊन तू नेमच बंद केला असतास. तुझी दया मला सोसत नाही. सायकल शिकवताना तू मागची सीट सोडलीच नाहीस, म्हणून मला आजतागायत सायकल येत नाही.

नर्सबाई शेजारी बसून पडद्यावरचं सांगतात. मतंही देतात, तीच मी तुला पाठवते. पण त्या चार मिनिटांत त्या गप्प झाल्या. मला वाटलं, वीज गेली. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, संपलं. हे वाक्य लिहायला त्या तयार नव्हत्या. मी लिहायला लावलं.

तिथे काय होतं ते तू लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, आता शोधायला वेळ लागेल.
धाकटी


१६ जून

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नर्सबाई, हे पत्र तुम्हीच वाचणार, तेव्हा सरळ वाचा, गाळू नका. माझ्या बहिणीचं दुखणं माझ्याआधी तुम्हाला कळलं, हे मला आवडलेलं नाही आणि पुढेही आवडणार नाही. गप्पांचा आरोप मात्र मागे घेते.

धाकटे, आता पाहिलेलं. रिकामं दालन. खिळ्यांना टांगलेले ॲप्रन. एक लांब टेबल, समोरासमोर दोन म्हाताऱ्या. एकीने तीस वर्षं फक्त डावे बूट शिवले, दुसरीने फक्त उजवे. टेबलावर कारखान्याचा शेवटचा जोड. डावीवाली आपला बूट उचलते, दुसरीच्या बुटाला चिकटवून ठेवते. एकीचा टाका लांब, दुसरीचा आखूड. हे इतक्या वर्षांत दोघींनी कधी बघितलेलंच नसतं. मग त्या मान वर करतात.

ही झाली तीन मिनिटं. चौथं मी लिहिणार नाही. ते तू दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावंस अशी माझी इच्छा नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. दया वगैरे काही आणत नाही, बॅगेत जागा नाही.

नर्सबाई, तुम्ही ते मिनिट पाहिलेलं आहे. शनिवारपर्यंत तोंडाला टाका घाला. आणि पाचच्या आत तिच्या उजवीकडे एक खुर्ची मांडून ठेवा. डावीकडे तुम्ही बसलात तर माझी हरकत नाही.

उरलेला लोभ समक्ष.
ताई