राहीच्या मापाचा दोरा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नेवरे, ता. रत्नागिरी
१२ जानेवारी १९८५

ती. दादाच्या सेवेशी,
धाकट्या विमलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मोठ्या डॉक्टरांनी राहीबद्दल सांगितले ते दोनदा वाचले. स्नायू असेच झिजत जाणार, लाखात एखाद्या मुलाला होते, औषध नाही. आपल्या घरात लाखात एक असे काही यायचे, ते हे आले. निदान चाकांची खुर्ची झाली तर जूनपासून शाळेत जाईल. दहा वर्षांची पोर कडेवर घेऊन चढण चढताना आता माझीच कंबर धरते.

मुंबईत आजारी मुलांसाठी लोक चालतात आणि ओळखीचे लोक मैलामागे पैसे देतात असे तू लिहिलेस, ते आवडाबाईला सांगितले. मासळीची पाटी उतरवत ती म्हणाली की मी तर रोज चालते, मला मेले कोणी दमडी देत नाही. पण येणार आहे. तू म्हणतोस तसे रत्नागिरीच्या स्टँडपर्यंत जायला मात्र कोणी तयार नाही. स्टँडवर चालत जाऊन करायचे काय, असे विचारतात. म्हणून गणपतीपुळे ठरवले, संकष्टीच्या दिवशी.

पाकिटात दोरा घातला आहे. राहीच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे माप. पाय ठेवायची फळी त्याप्रमाणे लावून घे. तसाच दुसरा दोरा मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. वहिनींस नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
विमला


परळ, मुंबई
२४ जानेवारी १९८५

चि. सौ. विमलास,
दत्तारामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दोरा दुकानदाराला दिला. त्याने फळी लावून ठेवली आहे, आणि मार्चअखेरपर्यंत खुर्ची दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणतो. फंडातून उचलले तेवढे मी विसार म्हणून दिले. त्यापुढे मीही हात टेकले. बाकी तुमच्या चालण्यावर.

एक सांगतो, रागावू नकोस. पुळ्याला चालत जायचे म्हटल्यावर लोकांना तो नवसच वाटेल. वाडीत मॅट्रिक झालेली तू एकटी. निघण्याआधी उभी राहून स्वच्छ सांग की पैसे खुर्चीसाठी आहेत. आणि त्या जमाखर्चाच्या वहीतून डोके वर काढून एक जोडी चपला घे, अनवाणी जाऊ नकोस. भाचीला सांग, मामा खुर्चीत बसून बघायला गेला होता, मावला नाही.

गंगारामराव अलोऱ्याच्या नोकरीवरून घरी आले की त्यांना नमस्कार सांग. भावाची आठवण ठेवून लिहीत जा.

दत्ताराम


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नेवरे
१४ फेब्रुवारी १९८५

ती. दादाच्या सेवेशी,
विमलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

चपला घेतल्या नाहीत. संकष्टीला कोणीच घातल्या नव्हत्या. सगळी वाडी आली. डोक्यावर पाटी नाही म्हणून मान लटलट हलते, असे आवडाबाई वाटभर सांगत होती. ह्यांनी अलोऱ्याहून रजा काढली होती. राही त्यांच्या खांद्यावर बसून लोकांना, माझ्यापेक्षा हळू चालता, म्हणून चिडवत होती. इतकी हसताना मी तिला वर्षात पाहिली नव्हती.

पैसे गोळा करायचा डबा आमच्या वाडीचे प्रमुख, गावकर काशीरामभाऊ यांच्याकडे दिला होता. त्यांच्या हातून पैसा इकडचा तिकडे व्हायचा नाही. द्यायच्या आधी मी तो देवापुढे ठेवून हळदकुंकू लावले. घरातून काही चांगल्या कामाला निघाले की लावतेच.

पुळ्याला दर्शन झाले आणि काशीरामभाऊंनी डबा उघडून सगळा दानपेटीत रिकामा केला. लोकांनी मोरया म्हटले. मीही हात जोडले. दादा, हात जोडलेले असतानाच मला कळले.

विचारले तर ते चकितच झाले. म्हणाले की डब्याला कुंकू लागले म्हणजे तो देवाचा झाला, देवाचे घरी परत न्यायचे पाप माझ्याच्याने झाले नसते. आवडाबाई तर खुशीत होती. तिचे म्हणणे, लोक नवस काम झाल्यावर फेडतात, आपण आधीच देऊन मोकळे झालो, आता बोजा गणपतीवर.

तू सांगितलेस तसे निघताना बोलायला उभी राहिले होते. पण अनवाणी उपाशी निघालेल्या माणसांना, हे देवासाठी नाही, असे सांगायला जीभ रेटली नाही. रागाव, पण लिहायचे थांबवू नकोस.

विमला


परळ, मुंबई
२५ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. विमलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचले आणि पुढ्यातले ताट तसेच ठेवून उठलो. कुंकू तूच लावलेस, यावर मी काय लिहू? देवस्थानात जा, मुलीला दाखव, झाले ते सांग. तीही माणसेच आहेत, ऐकतील. तुला लाज वाटत असेल तर गंगारामरावांना पाठव. मार्च संपायला वेळ लागत नाही. रागात लिहिले तरी तुझाच आहे.

दत्ताराम


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नेवरे
२० जून १९८५

ती. दादाच्या सेवेशी,
विमलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

उत्तराला फार दिवस लावले, पोटात घाल. हे पुळ्याला गेले होते. दर्शन घेतले, पायरीवर बसले आणि पेढे घेऊन परत आले. देवस्थानच्या कचेरीत शिरलेच नाहीत. पेढे राहीने खाल्ले.

खुर्ची विकली गेल्याचे तुझे कार्ड मिळाले. वाईट वाटून घेऊ नकोस. आता ती असती तरी चाके फिरवायचा जोर तिच्या हातांत उरलेला नाही. घास मीच भरवते. सोमवारी शाळा उघडली. गुरुजी पुस्तके देऊन गेले, तर कव्हरे घाल म्हणून माझ्या मागे लागली. घातली.

परवा काशीरामभाऊ आले होते. गुण आला नाही याचे त्यांना माझ्याहून जास्त लागले आहे. गणपतीच्या आधी वाडी पुन्हा चालायला तयार आहे, या खेपेला खालची वाडीसुद्धा, असे म्हणाले. डबा मागत होते. एवढ्या मायेने मागतात, त्यांना काय सांगायचे? घासून दिला. कुंकू लावले नाही. तर जाता जाता त्यांनीच माझ्या करंड्यात बोट बुडवून ते लावले.

वहिनींस नमस्कार. तिथून हात डोक्यावर असू दे, एवढेच मागणे.

तुझी
विमला

ता. क. देव्हाऱ्यातला दोरा काल सहज राहीच्या पायाला लावून पाहिला. दोन बोटे अपुरा पडला. पाय वाढायचे थांबलेले नाहीत, दादा.