तारीख बदलता येणार नाही

घरून,
मंगळवार, ११ मार्च

चि. गुंड्या,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे, डावा हात आहे तसाच. बोलणं किंचित सुधारलंय; ‘पाणी’ आणि ‘पंखा’ आता वेगवेगळे ऐकू येतात. तू कसा आहेस हे विचारत नाही. फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे ताई, नंतर बोलतो’ असाच असतोस. म्हणून पत्र लिहून कुरिअरने पाठवतेय. ते तुला मध्येच कट करता येणार नाही.

आधी तुझ्या कंपनीवर राग काढते. आमच्या चौकात तुमचा भला मोठा फलक लागलाय. नवा मार्ग, थेट विमान, सिनेमाच्या तिकिटाच्या पैशात. त्यावर एक मुलगी हसतेय. तिचे वरचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत आणि बसवणाऱ्याने रंग चुकवलाय. इतकी वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवल्यावर मला माणसाचं आधी तोंडच दिसतं, काय करू. तर त्या मुलीच्या भरवशावर मी परवा तिकीट बघायला बसले. सहज, बरं का.

फलकावरचा दर दिसला. मी चष्मा आणायला उठले, तर परत येईपर्यंत दर वाढलेला. त्या दराच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात, त्या संपल्या की पुढचा दर लागतो, हे तूच मला एकदा समजावलं होतंस. तेव्हा तुझं केवढं कौतुक वाटलं होतं. परवा नाही वाटलं. बॅग न्यायची तर वेगळे पैसे. खिडकीशी बसायचं तर वेगळे. कुठेही बसवा म्हटलं, तर ‘नक्की ना?’ असं तीनतीनदा विचारणं, जणू मी टपावर बसायला निघालेय. विमा नको म्हणायचं बटण इतकं बारीक की त्यासाठी दुसरा चष्मा लागावा. गुंड्या, हे सगळं तुमच्या खात्यात बसून तुम्ही ठरवता? लहानपणी मला गोळी विकून तिचा चमकता कागद वेगळा विकला होतास, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता दुसरं.

बाबा आजारी पडले तेव्हा मी लॅब सोडली. महिन्याभराचा प्रश्न आहे, असं आपण दोघांनी ठरवलं होतं. मग तू म्हणालास, बसने येण्याजाण्यातच सुट्टी संपते, थेट विमान सुरू होऊ दे, दर शनिवारी येतो. मी तुझ्या विमानाची वाट पाहिली. ते सुरू झालं त्या दिवशी बाबांची खुर्ची गच्चीत नेली, त्यांना आकाशात विमान दाखवलं. म्हटलं, बघा, गुंड्याचं. बाबा हसले. तू काही त्यातून उतरला नाहीस.

तुझं कारण मला तोंडपाठ झालंय. कंपनीचा पास आहे, फुकट बसता येतं, पण जागा रिकामी राहिली तरच. तू बॅग घेऊन दारापर्यंत जातोस, आणि विमान भरलेलं असतं. तिकीट काढून ये म्हटलं तर म्हणतोस, दर ठरवणारा माणूस दर भरत नसतो, ऑफिसात हसतील. मीही खुळी. शेजारच्या काकूंना अभिमानाने सांगायचे, माझ्या भावाने असे दर लावलेत की त्यालाच बसायला जागा मिळत नाही.

मागच्या आठवड्यात तू बाबांशी बोललास. ताई औषधं आणायला गेली असेल, असं तू धरून चाललास. बाबांना फोन फार वेळ कानाशी धरवत नाही, तो स्पीकरवर असतो. आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तू त्यांना किती मोकळेपणाने सांगत होतास. नव्या मार्गाला प्रवासीच नाहीत, दर उतरवून उतरवून नाकी नऊ आले, निम्मं विमान रिकामं जातं, साहेब रोज फैलावर घेतात, बहुतेक मार्ग बंदच करतील. बाबा कोणाला सांगू शकणार नाहीत, म्हणून सांगितलंस ना? मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले.

निम्मं विमान रिकामं, आणि तुला पासावर जागा नाही.

राग आला, पण तो निघाला भलत्यावरच. रात्री बाबांच्या हातून वरण सांडलं आणि मी ओरडले. ‘जरा नीट धरता येत नाही का’ म्हणाले, त्यांना. ते उजव्या हाताने सांडलेलं पुसायला लागले आणि आणखी पसरवून बसले. मग मीच रडले. तुला सांगते, मी थकलेय. सेवा करून नाही थकले रे. ‘या शनिवारी’ ऐकून ऐकून थकले. तुला इथे यायची भीती वाटते हेही मला कळतं. बाबांना असं बघवत नाही तुला. मला बघवतं असं वाटतं का?

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलंय, तर उरलेलंही लिहिते.

मी तिकीट सहज बघत नव्हते. आमच्या लॅबच्या मॅडमचा फोन आला होता. तुझ्या शहरात त्यांनी मोठी लॅब काढलीय. आता दात कॉम्प्युटरवर आखतात, मेणात हाताने बसवत नाहीत. पण ज्याने हाताने बसवलेत त्यालाच दात कसा चावतो ते कळतं, असं त्या म्हणतात. महिनाभर शिकायचं, मग कायमची नोकरी, आणि काम इथूनही करता येईल. सोमवारी हजर व्हायचंय. नाही झाले तर दुसरी मुलगी तयार आहे. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं, “पुन्हा विचारणार नाही. तुझं वय बघता दुसरं कोणी विचारेल असंही मला वाटत नाही.” फोन ठेवल्यावर मी डबा उघडून माझी मेण कापायची सुरी बघितली. गंजली नाहीये.

तर तिकीट काढलं. एक नाही, दोन. पहिलं तुझ्या नावाचं आहे, शनिवारी सकाळचं, तिकडून इकडे; ते याच पाकिटात ठेवलंय. दुसरं माझं. तुमचं विमान इथे उतरतं, माणसं उतरवतं आणि अर्ध्या तासात तेच परत जातं. तू ज्यातून येशील, त्यातूनच मी जाईन. मुद्दाम सगळ्यांत स्वस्तातली तिकिटं घेतली. पैसे परत नाहीत, नाव बदलता येणार नाही, तारीख बदलता येणार नाही. तुमच्या सगळ्या अटींमध्ये ही एकच मला आवडली. पासाबिसाचा संबंध नाही, जागा तुझ्या नावावर आहे, तेव्हा विमान भरलेलं होतं हे कारण या वेळी चालणार नाही. निम्मं काम घरी बसूनच करतो, असं तूच सांगत असतोस. लॅपटॉप आण आणि बाबांच्या खुर्चीशेजारी बस. तुझ्या खोलीची किल्ली खालच्या दुकानदाराकडे ठेव, महिनाभर मी तिथे राहीन.

शनिवारी मी निघाले की काकू बाबांजवळ बसतील, पण दुपारी त्यांना त्यांच्या मुलीकडे जायचंय. गोळ्या कुठल्या, कधी, ते मी डब्यांवर लिहून ठेवलंय. रात्री बाबांना कुशीवर वळवावं लागतं. पहिल्यांदा भीती वाटेल. ते स्वतःच दाखवतात कसं ते, तू घाई करू नकोस.

काल बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडतील. बराच वेळ ओठ हलवत राहिले, आणि मग अगदी स्वच्छ म्हणाले, “जा.”

इतका स्पष्ट शब्द आजारपणानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

आपला विमानतळ एवढासा. बसायच्या खोलीला मोठी काच आहे, उतरलेली माणसं तिथून चालत येताना दिसतात. मी शनिवारी त्या काचेकडे पाठ करून बसणार आहे. तू उतरलास का, हे मी बघणार नाही. बघितलं आणि तू दिसला नाहीस, तर मी घरी परतेन. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, आणि त्यावरच आजवर तुझं निभावलं. या वेळी तू आला आहेस असं धरून मी विमानात चढणार आहे.

शनिवार सकाळपर्यंत बाबांजवळ असलेली,
तुझी ताई